व्ही.पी. सोडवणे

मागच्या आठवड्यात माझ्या भाच्याने मोबाइलवरून कुठलासा एक छोटा सर्किट बोर्ड मागवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डिलिव्हरीवाला दारात हजर! भाच्याने खोकं फोडलं, बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि "मामा, हा नको, परत करतो" म्हणाला. दोन मिनिटांत परतीची नोंदही झाली. मी नुसता बघत बसलो. मला आठवत होतं आमच्या सोनगीरचं पोस्ट, आणि "तुमची व्ही.पी. आलीय" हे तीन शब्द.

नव्या पिढीसाठी सांगतो. व्ही.पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट. दुकानदाराने वस्तू पोस्टात द्यायची आणि तिची किंमत पार्सलवर लिहायची. पार्सल तुमच्या गावच्या पोस्टात येतं. पोस्टमन चिठ्ठी देतो. तुम्ही पैसे भरून पार्सल 'सोडवायचं'. मग पोस्ट ते पैसे मनीऑर्डरने दुकानदाराला पोचवतं. ठरलेल्या दिवसांत सोडवलं नाही, तर पार्सल आल्या वाटेने परत. आणि पैसे भरल्याशिवाय ते उघडून बघता येत नाही, ही त्यातली मुख्य मेख.

हिंदुस्थानात ही सोय १८७७ साली सुरू झाली. मनीऑर्डरचं काम पोस्टाकडे आलं १८८० साली. अमेरिकेच्या पोस्टाने अशी सोय द्यायला १९१३ साल उजाडलं, आणि ज्या इंग्रजांनी ती इथे आणली त्यांच्या स्वतःच्या देशात अंतर्गत टपालासाठी ती १९२६ मध्ये आली. हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती. पण विचार केला तर कारण सरळ आहे. इथे खेड्यापाड्यात बँक नव्हती, चेक नव्हता. मुंबईचा दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत नव्हता आणि गिऱ्हाईक दुकानदाराला. दोघांचाही विश्वास असेल असा एकच माणूस गावात होता, तो म्हणजे खाकी कपड्यातला पोस्टमन. घड्याळं, पुस्तकं, बियाणं, केसांची तेलं, शक्तिवर्धक औषधं, सगळं काही या रस्त्याने खेड्यात पोचलं. जुन्या दिवाळी अंकांच्या जाहिरातींत "व्ही.पी.ने पाठवू" ही ओळ जागोजागी सापडते.

आमच्या घरी या रस्त्याने ट्रान्झिस्टर आले. रेडिओ नव्हे, सुटे ट्रान्झिस्टर.

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवरचं, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव. डोक्यावर किल्ला, खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांचा ठोक्याचा आवाज. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तांबटकाम करत. हंडे, कळश्या, घंगाळी. ठोकणं, झाळणं, कल्हई. माझं लहानपण त्या भट्टीच्या शेजारी गेलं. पण मला वेड लागलं रेडिओचं. जळगावचं आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झालं, मध्यम लहरींवर ९६३ किलोहर्ट्झ, म्हणजे ३११.५ मीटर. तिथून आपल्याकडच्यासारखं बोलणारी माणसं ऐकू यायची. हा आवाज तारेशिवाय येतो कसा, हे मला काही केल्या सुटेना.

तेव्हा रेडिओचा आणि पोस्टाचा आणखी एक संबंध होता. रेडिओ घरात ठेवायला लायसन लागे, आणि ते मिळे पोस्टातच. दरवर्षी फी भरायची. हे प्रकरण १९८० च्या दशकात बंद झालं. म्हणजे माझ्या आधीच्या पिढीला रेडिओ ऐकायलाही पोस्टाची पायरी चढावी लागे, आणि मला तो बनवायला!

कारण सुटे भाग मिळायचे कुठे? धुळ्यात रेडिओ दुरुस्तीची दुकानं होती, पण त्यांच्याकडे दुरुस्तीपुरताच माल असे आणि पोराला तो कोण देणार? खरा बाजार मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव त्या रस्त्याला होतं. पुढे त्याचं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नामकरण झालं, पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडी तो लॅमिंग्टन रोडच राहिला. पुणेकरांना बुधवारातला पासोड्या विठोबा होता. आम्हा खानदेशातल्या पोरांना दोन्ही सारखेच लांब.

माहिती यायची मासिकांतून. दिल्लीचं 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' १९६९ पासून निघत होतं. 'इलेक्टर' या मूळच्या डच मासिकाची भारतीय आवृत्ती १९८३ साली मुंबईहून सुरू झाली. दोन्ही इंग्रजीत, आणि मी मराठी माध्यमातला. धुळ्याला रद्दीच्या दुकानातून जुने अंक आणायचे, शब्दकोश मांडीवर घ्यायचा आणि एकेक वाक्य फोडायचं. लेखांपेक्षा मी जाहिराती जास्त वाचत असे. बारीक टायपात नुसती नावं आणि आकडे. बीसी १४८, बीएफ १९४, एसी १२७, एसी १२८, ५५५. मला ती स्तोत्रासारखी पाठ होती.

असं वेड फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत हीथ नावाच्या कंपनीने महायुद्धानंतर स्वस्तात विकले गेलेले लष्करी सुटे भाग घेऊन १९४७ साली ऑसिलोस्कोपचं किट टपालाने विकायला काढलं, आणि 'हीथकिट' हे तिथल्या घराघरातलं नाव झालं. त्यांची खासियत म्हणजे सोबतची पुस्तिका. एकेक पायरी लिहिलेली, झाली की पुढे खूण करायची. समोर शिकवायला कोणी नाही हे गृहीत धरून लिहिलेली. टपालाने सुटे भाग विकणाऱ्याला खरं तर तेच करावं लागतं. आमच्या किटबरोबर मात्र एकच सायक्लोस्टाइल केलेला कागद यायचा.

तर, १९८४. मी नववीत. मुंबईच्या एका दुकानाला १५ पैशांचं पोस्टकार्ड टाकून दरपत्रक मागवलं. ते आलं. मग दुसरं कार्ड, मध्यम लहरींच्या रेडिओच्या किटसाठी. पोस्टखर्चासकट ६२ रुपये. घरात विचारलं तर वडील काही बोलले नाहीत. आबांनी कोपरीच्या खिशातून पैसे काढले. ते दोन दिवसांच्या कल्हईचे होते, हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. कळत होतं.

बारा-तेरा दिवस रोज शाळेतून येताना पोस्टात डोकावायचो. शेवटी पोस्टमनकाकांनीच लांबून हाक मारली. पार्सल सोडवलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात तपकिरी रंगाचा पीसीबी, फेराइटचा काळा दांडा, गँग कंडेन्सर, लाल, पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या टोप्यांच्या चिमुकल्या कॉइल, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स. आबा एकेक वस्तू उचलून बघत होते. "हाई काय शे रे भाऊ?" प्रत्येकाला विचारत होते, आणि मला अर्ध्यांची उत्तरं येत नव्हती.

त्या कागदावर 'फ्लक्स' असा एक शब्द होता. शब्दकोशात अर्थ सापडला, प्रवाह. त्यातून काय बोध घेणार? सोल्डर तर तांब्याला धरत नव्हतं, गोळी होऊन घरंगळत होतं. मग मला आठवलं, आबा कल्हई करताना काय करतात? भांडं तापवतात, नवसागराची पूड टाकतात, धूर निघतो आणि कथील पाण्यासारखं पसरतं. मी आबांच्या डब्यातून चिमूटभर नवसागर घेतला आणि पाण्यात कालवून काडीने प्रत्येक सांध्याला लावला. आणि काय सांगू, सोल्डर असं झरझर बसलं! एकेक डाग आरशासारखा. मला वाटलं, तांबटाच्या घरात जन्मलो त्याचं सार्थक झालं.

रेडिओ वाजला. कॉइलच्या टोप्या जळगाव केंद्राच्या आवाजावर कानाने जुळवल्या. आळीतली माणसं बघून गेली. आबांनी तो भट्टीजवळच्या फळीवर ठेवायला सांगितला.

आषाढात तो बंद पडला. आधी खरखर, मग आवाज बारीक, मग काहीच नाही.

माझा संताप झाला. मी उघडूनही नीट पाहिला नाही. बसलो आणि दुकानाला पोस्टकार्ड लिहिलं. काय लिहिलं ते मला आजही शब्दशः आठवतं, पण इथे लिहिण्याची हिंमत नाही. मुंबईची माणसं खेड्यातल्या पोरांना गंडवतात, टाकाऊ माल गळ्यात मारतात, अशा अर्थाचं. पोस्टकार्ड म्हणजे उघडं पत्र. सोनगीरपासून ग्रँट रोडपर्यंत ज्याच्या हातात पडलं असेल त्याने ते वाचलं असणार. आबांनी विचारलं, "काय लिखं?" मी म्हटलं, नुसतं विचारलंय.

उत्तर आलं दोन ओळींचं. बोर्ड पाठवून द्या. मी पाठवला.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. मी आईकडून पैसे घेऊन पोस्टात गेलो, तर पोस्टमनकाका म्हणाले, "ही व्ही.पी. नाहीये रे. साधं पार्सल आहे, घेऊन जा." आत माझा बोर्ड होता, स्वच्छ धुतलेला. तीन ट्रान्झिस्टर नवे. सोबत कागदाच्या पुडीत पिवळसर खडे, आणि इंग्रजी-हिंदी मिसळलेलं पत्र. आपण ॲसिडचा फ्लक्स वापरला आहे. रेडिओला तो कधीही वापरू नये. सोबत राळ पाठवत आहोत, हीच वापरा. बस्स. माझ्या पोस्टकार्डाबद्दल एक अक्षर नाही.

पुढे कॉलेजात गेल्यावर मला त्यातली गोम कळली. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की त्यातून आम्ल सुटतं, ते तांब्यावरचा मळ खातं, म्हणून कथील धरतं. भांडं नंतर पाण्याने धुतात, म्हणून काही बिघडत नाही. बोर्डावर मात्र तो तसाच राहतो. पावसाळ्यात हवेतलं पाणी शोषतो, नको तिथून वीज वाहू लागते आणि तांबं हळूहळू खाल्लं जातं. राळेचं तसं नाही. ती गरम असताना काम करते आणि थंड झाली की गप्प पडून राहते.

पण आबांना हे सांगायला रसायनशास्त्र लागलं नाही. मी पत्र त्यांना वाचून दाखवताना ॲसिडचं वाक्य गाळलं होतं. उगाच त्यांच्या नवसागराला बोल नको, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांनी बोर्ड हातात घेतला, उजेडात धरला. धुऊनही कोपऱ्यांत हिरवे ठिपके उरले होते. "हाई तं कयकी गयं रे भाऊ," ते म्हणाले. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसं कळकलं. मग नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, त्या माणसाला कागद लिही. चूक आपली होती म्हण.

मी हो म्हटलं. लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू. घरात कार्डं पडलेली होती. मग दहावी आली, धुळ्याला कॉलेज आलं. त्या दुकानातून मी पुन्हा काहीही मागवलं नाही. लाज वाटायची. आबांनीही पुन्हा विचारलं नाही. १९९१ साली ते गेले. तोवर स्टीलने पितळेची पार रया घालवली होती, आणि आमची भट्टीही थंडच होती.

२००४ साली कामानिमित्त मुंबईत होतो तेव्हा तो पत्ता शोधत गेलो. त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्ती चालू होती. बसलेल्या मुलाला जुन्या दुकानाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. शेजारच्या दुकानातून मी राळेचा एक डबा विकत घेतला आणि परत आलो.

इतिहासात व्ही.पी.ची नोंद टपालाची एक सोय म्हणून होते. दोघांचा एकमेकांवर भरवसा नसला तरी व्यवहार व्हावा, म्हणून केलेली. ती कामाची होती यात शंका नाही. तिच्याशिवाय मला ते ट्रान्झिस्टर कधीच मिळाले नसते. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं पार्सल आलं ते व्ही.पी.च्या बाहेरून. एका अनोळखी माणसाने शिव्या खाऊनही आपल्या खर्चाने पाठवलेलं.

असो. भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग मामा, तुम्ही आता लिहा ना ते पत्र." कोणाला लिहू, म्हटलं. तर खांदे उडवून म्हणाला, "कोणालाही."

म्हणून हे लिहिलं. चूक आमची होती. नवसागर आमचा होता. राळ मिळाली.