डबल (मुंबई उपनगरांच्या बोलीतील)

डबल : विशेषण व क्रियाविशेषण, क्वचित नाम. इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द. लिंग, वचन, विभक्ती यांनी त्याचे रूप बदलत नाही : डबल पगार, डबल घंटी, डबल भाडे. इंग्रजी उच्चारातला शेवटचा पुसट स्वर मराठीने भरून काढला आणि ‘ब’ पुरा केला. जोर द्यायचा झाला की ‘डब्बल’. शब्दाचे मूळ लॅटिन ‘दुप्लुस’ असून त्यातला ‘दु’ आणि संस्कृत ‘द्वि’ एकाच घराण्यातले. म्हणजे ‘दुप्पट’ हा डबलचा दूरचा चुलतभाऊ. पण उपनगरांत दोघांची कामे आता एकसारखी राहिलेली नाहीत.

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यांतल्या मराठीत दोन वस्तूंसाठी निदान चार शब्द चालतात : जोडी, डबल, कपल आणि पेअर. शब्दकोशात ते एकमेकांशेजारी बसतील, बोलण्यात बसत नाहीत. चपलांची जोडी होते, डबल चपला होत नाहीत. ऑम्लेट डबल होते, त्याची जोडी होत नाही. हा भेद कोणी शिकवलेला नाही, तरी त्यात चूक करणारा माणूस लगेच परका वाटतो. नियम असा सांगता येईल : जोडीत वस्तू दोनच राहतात, डबलमध्ये दोन मिळून एक होते. डबलबेड हा एकच पलंग, डबल रोल करणारा नट एकच, आणि डबल ऑम्लेट दोन अंड्यांचे असले तरी बशी एकच.

या नियमाचे सर्वांत मोठे उदाहरण रस्त्यावरून धावत असे. मुंबईत दुमजली ट्राम १९२० मध्ये आणि दुमजली बस १९३७ मध्ये आली. ‘दुमजली’ हा शब्द छापील राहिला. लोकांनी तिला डबलडेकर म्हटले आणि बसच्या लिंगावरून स्त्रीलिंगी केले. रस्त्याची तेवढीच लांबी अडवून जास्त माणसे नेणे हा तिचा उद्देश. वरच्या मजल्याला एक आणि खालच्याला एक असे दोन कंडक्टर लागत, आणि पुढे ती महाग पडू लागली त्याचे ते एक कारण होते. उपनगरांतल्या मुलांना मात्र तिची एकच जागा ठाऊक : वरच्या मजल्यावरची अगदी पुढची खिडकी, जिथून झाडांच्या फांद्या काचेवर आपटताना दिसत. डिझेलवरची शेवटची लाल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली, तीही उपनगरातच, अंधेरी पूर्वेचा आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर. हार घालून, फुगे लावून तिला निरोप दिला गेला. त्याच वर्षी जुलैत मुंबई–सुरत धावणाऱ्या फ्लाइंग राणीचे दुमजली डबेही गेले. ते १९७९ पासून बोरिवलीकरांच्या डोळ्यांसमोरून जात होते. विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बसगाड्या फेब्रुवारी २०२३ पासून आल्या आहेत. त्यांनाही डबलडेकर म्हणतात, पण ‘जुनी’ म्हणताच समोर येते ती लाल. सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यावरचा दुमजली उड्डाणपूल २०१४ मध्ये खुला झाला, तेव्हा त्याला वेगळे नाव शोधावे लागले नाही. तोही डबलडेकर पूल झाला.

बसमधलीच दुसरी संज्ञा ‘डबल घंटी’ किंवा ‘डबल बेल’. कंडक्टरने दोरी एकदा ओढली तर थांबा, लागोपाठ दोनदा ओढली तर चला. घंटेचे ठोके दोन, पण अर्थ एक. यावरून बोलीत ‘डबल मार’ म्हणजे नीघ, पुढे हो. बायकोची भाजी घेऊन होत नसेल आणि नवरा पिशव्या धरून उभा असेल, तर तोही मंडईत ‘चल, डबल मार’ म्हणतो. लोकल गाडीला घंटेचा असा उपयोग नाही, पण तिथे ‘डबल फास्ट’ आहे : जलद गाडी जिथे थांबते त्यांतलीही काही स्थानके गाळणारी गाडी. चुकून तीत चढलेला माणूस आपले स्थानक खिडकीतून मागे पडताना पाहतो आणि आजूबाजूचे त्याला पुढे कुठे उतरून उलट यायचे ते समजावून सांगतात. या बाबतीत मुंबईकर फार उदार असतो.

‘डबलसीट’ हा सायकलच्या काळातला शब्द. क्रियाविशेषण म्हणून वापरतात : ‘आम्ही डबलसीट गेलो’. सायकलवर दुसरा माणूस मागे कॅरियरवर किंवा पुढच्या नळीवर बसे, म्हणजे ‘सीट’ एकच असे आणि डबल होत असे माणूस. स्कूटर-मोटरसायकल आल्यावर मागे खरोखरच जागा आली, शब्द तोच राहिला. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकालाच बसवता येते. त्यामुळे डबलसीट कायदेशीर आणि ‘ट्रिपलसीट’ गुन्हा. २०१५ मध्ये समीर विद्वांस यांनी दिग्दर्शित केलेल्या मराठी चित्रपटाचे नावच ‘डबल सीट’ होते. अंकुश चौधरी आणि मुक्ता बर्वे यांनी त्यात मुंबईच्या दाटीत स्वतःच्या घराचे स्वप्न पाहणारे नवे जोडपे रंगवले.

घराच्या बाबतीत शब्दाने गंमत केली आहे. हॉटेलात डबल रूम म्हणजे दोन माणसांची एक खोली. चाळीत डबल रूम म्हणजे दोन खोल्या, माणसे कितीही असोत. ‘त्यांची डबल रूम आहे’ हे वाक्य भांडुप-जोगेश्वरीच्या चाळींत एके काळी लग्नाच्या बोलण्यात पहिल्या दोन-तीन वाक्यांत येई. बाहेरची खोली पाहुण्यांची व पोरांच्या अभ्यासाची, आतली स्वयंपाकाची. रात्री दोन्ही झोपण्याच्या. एका खोलीत पार्टिशन घातले तर ती डबल होत नसे, फार तर ‘दीड खोली’ म्हणत. पुढे सदनिका आल्या, वन रूम किचन आणि बीएचके आले, आणि डबल रूम हळूहळू चाळींबरोबर मागे पडली.

सदनिकांच्या जगात ‘डबल’ची जागा ‘जोडी फ्लॅट’ने घेतली, आणि इथे देवाणघेवाण उलटी झाली. मुंबईच्या इंग्रजी जाहिरातींत, दलालांच्या तोंडी, गुजराती आणि मारवाडी गिऱ्हाइकांच्याही तोंडी हाच देशी शब्द आहे. शेजारशेजारच्या दोन सदनिका, मधली भिंत काढून एक केलेल्या. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालच्या योजनांत घरांच्या आकारावर मर्यादा असे. तेव्हा नकाशावर दोन लहान घरे दाखवून प्रत्यक्षात एक मोठे विकण्याची रीत पडली. तो कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये गेला, जोडी राहिली. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत एकत्र कुटुंबे धरून राहणारा वर्ग मोठा, त्यामुळे तिथे या घरांना मागणी. आपल्या नियमाच्या दृष्टीने हे सीमेवरचे प्रकरण आहे. राहणाऱ्याला घर एक. पण करारनामे दोन, भागदाखले दोन, विजेचे मीटर दोन आणि सोसायटीची बिलेही दोन. कागद पाहणाऱ्याला तिथे दोन घरेच दिसतात आणि शब्दाने कागदाची बाजू घेतली.

कारखान्यातला ‘डबल’ जवळजवळ कायद्याचा शब्द आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ५९ प्रमाणे दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम झाल्यास त्या जादा तासांची मजुरी नेहमीच्या दुप्पट दराने द्यावी लागे. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या पट्ट्यात आणि अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीत ‘डबल’ म्हणजे हेच पैसे : ‘या महिन्यात डबल बरा सुटला’. इथे शब्द नाम होतो आणि पुल्लिंगी. याहून वेगळी ‘डबल ड्युटी’ : एक पाळी संपवून दुसरीला तसेच उभे राहणे. आता कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे आहेत आणि डबल ड्युटी त्यांच्या फाटकावरचे सुरक्षारक्षक करतात. त्यांच्या बोलण्यात ती आहे. दुप्पट दराचा डबल तितका ऐकू येत नाही.

डबलबारी : हा शब्द मुंबईतल्या कोकणी माणसाचा आणि त्याचा अर्थ इंग्रजीतून काढता येणार नाही. बारी म्हणजे पाळी, खेप. सिंधुदुर्गाच्या भजनी परंपरेत दोन मंडळे समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गातात. या सामन्याला डबलबारी म्हणतात. प्रत्येक मंडळाचा नायक म्हणजे बुवा. पेटी बहुधा बुवांच्याच हाती, बाजूला पखवाज किंवा मृदंग, झांज, आणि मागे कोरस. स्तवन, रूपाचा अभंग, गजर, गौळण अशी चढण चढत बारी जाते. मधेच बुवा पुराणातला एखादा पेच टाकतात आणि समोरच्या बुवांनी त्यांच्या बारीत त्याचे उत्तर गाऊन द्यायचे. खरी बहार इथे असते. तयारी गळ्याची हवी, पोथ्यांचीही हवी, आणि ऐन वेळी कडवे जुळवण्याची तर हवीच. जाणत्या श्रोत्यांना ती परंपरा परशुराम पांचाळ, चंद्रकांत कदम अशा बुवांच्या नावांनी आठवते. काही सामन्यांत प्रश्नोत्तरे घसरून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्यांवर येतात. जुने श्रोते नाके मुरडतात, नवे शिट्ट्या मारतात, आणि दोघेही उठून जात नाहीत.

मुंबईत आलेल्या चाकरमान्यांनी हा प्रकार गिरणगावात आणला आणि घरे उपनगरांत सरकली तसा तोही भांडुप, जोगेश्वरी, दहिसरकडे सरकला. चाळीची सत्यनारायणाची पूजा, माघी गणपती, मंडळाचा वर्धापनदिन ही त्याची निमित्ते. फलकावर ‘जंगी सामना’ असतो, तीन बुवा असतील तर ‘तिरंगी’. क्रिकेटचे वेड वाढल्यावर ‘ट्वेन्टी-ट्वेन्टी डबलबारी’ निघाली : बाऱ्या आखूड, उत्तरे झटपट. डबल हा शब्द इथे आपला नियम मोडतो की पाळतो? मंडळे दोन आहेत, स्टेजही पुष्कळदा दोन. पण एकाच मंडळाने रात्रभर गायले तर ते नुसते भजन. डबलबारी दुसऱ्याशिवाय उभीच राहत नाही. तेव्हा कार्यक्रम एक, असे म्हणायला हरकत नाही.

माणसाविषयी बोलताना हा शब्द बहुतेक वेळा चिडवण्यासाठी येतो. आडव्या बांध्याचा तो ‘डबल हाडाचा’. हे आई मुलाबद्दल बोलते तेव्हा कौतुक असते. चष्मेवाला ‘डबल बॅटरी’. दोन्हीकडून वाजणारा तो ‘डबल ढोलकी’, आणि ही शिवी निवडणुकीच्या हंगामात वर्तमानपत्रांतही छापून येते. मराठीत ‘दुतोंडी’ होताच. पण ढोलकीत वाजवून घेणारा कोणीतरी तिसरा आहे ही सूचना आहे, ती दुतोंडीत नाही. ‘डबल मीनिंग’ हे दादा कोंडके यांच्या चित्रपटांना चिकटलेले विशेषण. ‘द्व्यर्थी’ हा प्रतिशब्द परीक्षणकारांनी चालवून पाहिला, प्रेक्षकांनी तो घेतला नाही.

जोडी आणि डबल या शब्दांचा काटेकोर भेद सांभाळला तो मटक्याने. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या या बेकायदा आकड्यांच्या जुगारात तीन पत्ते काढले जात. त्या तीन आकड्यांचा गट म्हणजे पाना किंवा पत्ती. त्यांच्या बेरजेतला एकंस्थानचा आकडा ‘ओपन’. दुसऱ्यांदा तसेच काढून ‘क्लोज’. ओपन आणि क्लोज मिळून ‘जोडी’ : दोन वेगळ्या वेळी आलेले दोन आकडे. पानाच्या आत मात्र दोन आकडे सारखे आले तर तो ‘डबल पाना’. तिन्ही वेगळे असलेले सिंगल पाने १२०, डबल ९०, तिन्ही सारखे १०, असे एकूण २२०. हे गणित शाळा अर्ध्यावर सोडलेल्यांनाही तोंडपाठ असे. पोलिसांच्या भीतीने सगळा व्यवहार चिठ्ठीवर चाले, आणि चिठ्ठीवर शब्द चुकला तर पैसे बुडत. इतकी कडक व्याकरणाची तपासणी दुसरीकडे कुठे होत नसेल.

उरलेले दोन शब्द थोडक्यात. ‘कपल’ उपनगरी मराठीत फक्त माणसांचे, तेही नवराबायको किंवा प्रेमिकांचे. इंग्रजीतला ‘एक-दोन’ हा त्याचा सैल अर्थ बोलीने घेतलाच नाही. जोडपे हा शब्द लग्नाच्या पंक्तीत, पूजेच्या पाटावर राहिला. कपल उद्यानाच्या बाकावर बसले. बोरिवलीच्या चिकूवाडीत २०२१ मध्ये रहिवाशांनी रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ असे रंगवले. अशा वेळी तक्रार ‘कपल्स’ची असते, जोडप्यांची नव्हे. ‘पेअर’ त्याहून अरुंद : बुटांच्या दुकानात, आणि गोकुळाष्टमी-दिवाळीच्या तीन पत्तीत, जिथे सारखी दोन पाने आली की हलक्या आवाजात ‘पेअर आहे’ म्हणतात. जुळ्या मुलांसाठी मात्र डबल, पेअर वा कपल यांतले काहीच चालत नाही. तिथे जुळे, किंवा अलीकडे ट्विन्स.

खाण्याच्या गाडीवर हे सगळे भेद एका मिनिटात ऐकू येतात. बुर्जी-ऑम्लेटच्या गाडीवर ‘एक डबल’ म्हटले की दोन अंडी एका तव्यावर फुटतात. पावभाजीच्या गाडीवर प्लेटबरोबरचे दोन पाव संपले की ‘अजून एक जोडी’. डबल पाव कोणी मागत नाही, आणि उत्तरेकडची ‘डबलरोटी’ मराठी तोंडात रुळली नाही. हॉटेलात सूप ‘वन बाय टू’ येते, म्हणजे एकाचे दोन भाग, डबलच्या नेमके उलट. टपरीवर तेच काम ‘कटिंग’ करते. आणि दोन कटिंग मागवली तरी त्यांना कोणी डबल म्हणत नाही, पूर्ण कप चहा तर नाहीच नाही.