कोड आणि पेशींची पेरणी

पिंपरीच्या माळावर १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून जिवंत पेशी वाढवून औषध करण्याची विद्या या गावाला परकी राहिली नाही. आज सांगावयाची हकीकतही पेशींचीच आहे. मात्र येथे औषध म्हणून लावावयाच्या पेशी रोग्याच्याच अंगावरच्या असतात.

कोड हा फार जुना विकार. अथर्ववेदात त्याच्या निवारणाची सूक्ते आहेत. आयुर्वेदाने बावची देऊन रोग्याला उन्हात बसविले, आणि औषध व प्रकाश यांची ती जोडी वेगळ्या रूपात आजही टिकून आहे. पण चरकसंहितेत श्वित्राचे वर्णन कुष्ठाच्या अध्यायात आले, लोकांच्या तोंडी 'श्वेतकुष्ठ' हा शब्द बसला, आणि महारोगाशी काडीचा संबंध नसलेला हा विकार त्याच्या पंक्तीला जाऊन बसला. कोड संसर्गाने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा कातडीला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या नाहीशा होतात, एवढेच. लग्न जमविताना मात्र हे 'एवढेच' कोणी ऐकून घेत नाही! सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ सालचा चित्रपट याच दुःखावर आहे.

कातडीचे कलम करून पाहावे, ही कल्पना पुढे आली. दिल्लीचे डॉ. बहल यांनी १९६४ साली पातळ कलमांचे, तर कोलंबियातील डॉ. फालाबेला यांनी १९७१ साली फोडावरील कातडीच्या रोपणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. परंतु कलमाने जेवढी कातडी घ्यावी, साधारण तेवढीच जागा झाकते. १९९२ साली फ्रान्समध्ये गोतिए यांनी कातडीतील पेशी सुट्या करून पेरल्या. १९९८ साली स्वीडनच्या ओल्सन व यूलिन यांनी ती रीत सोपी केली. मांडीची पातळ कातडी ट्रिप्सिनमध्ये ठेवावयाची, सुट्या झालेल्या पेशींचे द्रावण करावयाचे, डागाची वरची कातडी घासून काढावयाची आणि त्यावर ते पसरावयाचे. घेतलेल्या कातडीच्या दहापटींपर्यंत जागा अशाने भरते. शेतकऱ्याच्या भाषेत हे कलम नव्हे, पेरणी होय.

पण पेरणीला घात लागते, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. या शस्त्रक्रियेने रोग थांबत नाही. तो चालू असताना कातडीला इजा केली तर त्या जखमेतूनच नवा डाग उठतो. मांडीवरची जागाही पांढरी पडावयाची. म्हणून निदान वर्षभर एकही नवा डाग नको व जुना वाढावयास नको, असा दंडक आहे. एकाच बाजूच्या पट्ट्यापुरत्या कोडावर गुण चांगला येतो; बोटांची टोके मात्र दाद देत नाहीत. जाहिरातीत हे छापत नाहीत.

आमच्या पट्ट्याला आणखी एक सावधगिरी हवी. १९३९ साली अमेरिकेतील कातडी कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठले. रबरी हातमोज्यांतील एक रसायन त्याला कारण निघाले. काही चिकटद्रव्यांतील रसायनेही तेच करतात. भोसरी-चाकणच्या कामगाराच्या हातावर डाग दिसला, तर तो काय हाताळतो हे डॉक्टरांनी आधी विचारावे. ते रसायन सुटल्याविना पुढचे सारे उपचार व्यर्थ.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी आठवडाभर हलू द्यावयाची नसते. रंग महिन्यांनी भरतो. सभोवारच्या कातडीशी जुळावयास कधी वर्षही लागते. कंत्राटी पाळीवरच्या पोराला आठवड्याची रजा मिळविणे हेच अनेकदा पहिले काम असते.