अक्षरओळखीच्या पुढे

प्रौढशिक्षण म्हटले की रात्रीची शाळा, कंदील आणि पाटी एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. मोठ्या माणसास अक्षरे शिकविणे अवघड खरे. तथापि त्याहून अवघड काम त्यानंतर सुरू होते. शिकलेले अक्षर नित्याच्या वापरात राहिले नाही तर ते लवकरच पुसट होते आणि सही करू लागलेला माणूस पुन्हा अंगठ्यावर येतो. प्रौढशिक्षणाचा इतिहास हा आमच्या मते बव्हंशी या एका अडचणीशी दिलेल्या झुंजीचा इतिहास होय.

श्रवणाने शिकण्याची आपल्या समाजाची सवय फार जुनी. देवळाच्या सभामंडपात पुराण-कीर्तन ऐकून निरक्षर मनुष्यही बहुश्रुत होई. परंतु सावकाराचे खत कीर्तनश्रवणाने वाचता येत नव्हते. आणि त्या सभामंडपाची पायरी सर्वांना खुली नव्हती, हेही येथे सांगितलेच पाहिजे. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तिचे मोल यावरून कळावे. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यास सेवासदन उभारले. तेथे प्रौढ स्त्रियांना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकाम व रुग्णसेवा यांचेही शिक्षण मिळू लागले. शिकणाराच्या संसाराकडे पाहून शिक्षणाची आखणी करावी, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते.

मात्र मूळ अडचणीवर खरा उपाय शोधला तो बडोद्याने. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती सर्व संस्थानास लागू केली. आता शाळा सोडलेल्या मुलाने आणि त्याच्या वडीलधाऱ्यांनी वाचावयाचे काय? १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. खर्चाची वाटणी मोठी मार्मिक होती: गावाने वर्गणी गोळा करावी, तितकीच रक्कम स्थानिक मंडळाने आणि तितकीच सरकारने घालावी. फुकटच्या देणगीपेक्षा अशा भागीदारीची गावाला अधिक आस्था वाटते, हे देवस्थानच्या वर्गणीचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

जेथे ग्रंथालय नव्हते तेथे ग्रंथ पेटीतून जात. लाकडी पेटीत पुस्तके भरून ती खेड्यात पाठवावयाची, वाचून झाली की परत मागवावयाची आणि दुसरी धाडावयाची, अशी ही फिरती ग्रंथालये. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी चित्रे व चलत्चित्रे दाखविणारी शाखाही याच खात्यात होती. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. या कार्याची धुरा पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी वाहिली व त्याची हकीकत इंग्रजीत लिहून ठेविली. बडोद्याचे नाव आपण राजवाड्यासाठी आणि गवयांसाठी घेतो. या पेट्यांसाठी ते अधिक घ्यावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावेच्या गावे साक्षर करण्याची तिची जिद्द होती आणि काम पुरे झालेल्या गावात ग्रामगौरव समारंभ होई. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने साक्षरतेच्या जोडीला व्यवहारातील कुशलता व सामाजिक जाणीव ही दोन उद्दिष्टे मांडली. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. त्यानंतर केरळातील एर्नाकुलम जिल्ह्याने जे केले ते विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथील कार्यकर्त्यांना आढळले की पुष्कळ वृद्ध शिकत नाहीत याचे कारण बुद्धी नसून दृष्टी आहे. तेव्हा त्यांनी चष्मे मिळविले! फेब्रुवारी १९९० मध्ये तो जिल्हा पूर्ण साक्षर घोषित झाला. एका चष्म्याने जे साधते ते दहा व्याख्यानांनी साधत नाही.

२०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील शिकणाऱ्यास अक्षर व अंक यांखेरीज जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, पायाभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण देण्याची योजना आहे. आर्थिक व्यवहार आणि मोबाइल, संगणक यांचा वापर हेही त्यात आले. सावकाराच्या खताची जागा आता बँकेच्या संदेशाने घेतली आहे, इतकेच. याच कार्यक्रमान्वये ३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर घोषित करण्यात आला. आमच्या गोमंतकीय वाचकांस त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. या नवसाक्षरांच्या हाती आता मराठी-कोंकणीतील सोप्या भाषेची, मोठ्या टाइपाची पुस्तके पडावयास हवीत, आणि त्यासाठी बडोद्याची ती पेटी कोणत्या देवळाच्या अग्रशाळेत प्रथम उघडते, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.