पक्ष्यांसाठी बाग : कोणती झाडे लावावीत?

भोपाळमधील बाग सेवनियासारख्या नागरी वस्तीत पक्ष्यांसाठी बाग लावताना शोभेआधी अन्नाचा विचार करावा लागतो. जास्वंद व हॅमेलिया यांच्या मकरंदासाठी शिंजीर येतो. पळस, पांगारा वसंतात फुलतात. मात्र लहान अंगणात ते मावत नाहीत. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळे बुलबुल आवडीने खातो, आणि स्वयंपाकघराची सोय होते ती वेगळीच. घाणेरीची फळेही पक्षी खातात. परंतु मूळच्या अमेरिका खंडातील या झुडपाचे बी त्यांच्या विष्ठेतून रानात पसरते, म्हणून ते टाळावे. शिंजीर व चिमणी पिलांना प्रामुख्याने कीटकच भरवतात. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी स्वर्गीय नर्तक तर कीटकांवरच जगतो. त्यामुळे कीटकनाशक फवारलेल्या बागेत फुले कितीही असली, तरी पिलांना चारा मिळत नाही.