श्वासाच्या गजराची कुळकथा

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या मेंदूतील श्वसनकेंद्र पुरते परिपक्व झालेले नसल्यामुळे त्यांचा श्वास अधूनमधून थांबतो. हा खंड २० सेकंदांहून लांबला, किंवा त्याआधीच हृदयाचे ठोके मंदावले, तर त्याला ‘ॲप्निया’ म्हणतात. पुष्कळदा परिचारिकेने तळपायाला टिचकी मारली तरी श्वास पूर्ववत होतो, पण तो थांबल्याचे वेळीच कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. हे काम पुढे ज्या मॉनिटरवर सोपवले गेले, त्याचे मूळ बालरोगशास्त्रात नाही. अवकाशवैद्यकाला कमीत कमी तारांत अधिकाधिक नोंदी हव्या होत्या, आणि १९६०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत ह्यूस्टन येथे लेस्ली गेडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ईसीजीच्याच इलेक्ट्रोडांवरून श्वसनही नोंदता येते, हे दाखवून दिले.

त्यामागचे तत्त्व साधे आहे. हवा विजेची दुर्वाहक असल्याने फुफ्फुसे भरली की छातीतून सोडलेल्या अतिक्षीण, उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, म्हणजे ‘इम्पीडन्स’, किंचित वाढतो आणि उच्छ्वासाबरोबर उतरतो. ही चढउतार ठरावीक काळ दिसली नाही, की गजर वाजतो. उणीवही याच तत्त्वात आहे, कारण यंत्राला कळते ती छातीची हालचाल, हवेची ये-जा नव्हे. घसा बंद होऊन बाळ श्वासासाठी झगडत असले, तरी यंत्र तो झगडा श्वास म्हणूनच मोजते.

१९६९मध्ये स्टॅनफर्ड येथील डेली, क्लाऊस आणि मेयर यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर हे तंत्र वापरून आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. तिथवरचा प्रवास निर्वेध होता. १९७२मध्ये मात्र सिराक्यूजच्या आल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी अवघ्या पाच अर्भकांच्या नोंदींवरून असे मांडले, की झोपेत लांबलेला ॲप्निया हाच अर्भकांच्या आकस्मिक, अनाकलनीय मृत्यूचा पूर्वसूचक असावा. या पाचांपैकी दगावलेली दोन एकाच घरची भावंडे होती आणि त्यांच्या आधी त्या घरातली आणखी तीन मुले गेली होती. त्यामुळे हा दोष आनुवंशिक असावा, असे सुचवले गेले. एवढ्या तुटपुंज्या पायावर मॉनिटर हजारो घरांत पाळण्यापाशी जाऊन बसला. पुढे १९९५मध्ये त्या पाचही भावंडांच्या हत्येबद्दल त्यांच्या आईलाच न्यायालयाने दोषी ठरवले. 

या सिद्धान्ताची खरी कसोटी लागली ती २००१मध्ये. अमेरिकेतील अनेक केंद्रांनी १०७९ अर्भकांचा घरच्या घरी मागोवा घेतला, तेव्हा श्वासाचे असे खंड पूर्ण दिवसांच्या, निरोगी अर्भकांतही सर्रास आढळले. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतील गंभीर प्रसंगांचे आधिक्य अपेक्षित प्रसूतितारखेनंतर साधारण तीन आठवड्यांत ओसरत होते. आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण मात्र जन्मानंतर दोन ते चार महिन्यांच्या सुमारास सर्वाधिक असते. दरम्यान, बाळाला पालथे न निजवता उताणे निजवावे, या १९९०च्या दशकातील बिनखर्ची सल्ल्यानंतर हे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले होते. २००३मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी घरगुती मॉनिटर देऊ नये, असे स्पष्ट केले.

रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता विभागांत या यंत्राचे स्थान अबाधित राहिले. मात्र तेथे श्वासाच्या रेषेसोबत पल्स ऑक्सिमीटरचा आकडाही पाहिला जातो, कारण घशात अडलेला श्वास छातीच्या हालचालीतून कळला नाही, तरी रक्तातील ऑक्सिजनच्या घसरणीतून कळतो.