67 मतांचा खंड

गुलमंडीत 67 मतांवर कुणी नगरसेवक झालेला ऐकलाय? ऑक्टोबर 2000 मध्ये घानाचे नी क्वेनॉर तेवढ्यावर अख्ख्या आफ्रिकेचे प्रतिनिधी झाले.

आयकॅन ही डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणारी ना-नफा संस्था. तिच्या संचालक मंडळाच्या पाच जागांसाठी जगभरच्या साध्या नेटकऱ्यांनी मतदान केलं. पद तेव्हा बिनपगारी होतं. ईमेल, घरचा पत्ता आणि वय 16 असलं की मतदार. पिन मात्र टपालाने यायचा! आफ्रिकेत एकूण मतं 130. आशिया-पॅसिफिकमध्ये 17,745, जिंकले जपानचे मासानोबू कातो.

उत्तर अमेरिकेतून आलेल्या कार्ल ऑअरबाख यांना तर संचालक असूनही संस्थेचीच कागदपत्रं बघायला कोर्टात जावं लागलं. 2002 मध्ये ते जिंकले. त्याच वर्षी आयकॅनने थेट निवडणूक गुंडाळली. म्हणे खर्चिक, गैरप्रकारांना सोपी. 130 मतांचा आकडा बघता हे अगदीच खोटं नाही, पण सोयीचं नक्कीच होतं.

2020 नंतर आपली महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाकडे होती. नळाची तक्रार घेऊन जायला नगरसेवक नव्हता. आयकॅनमध्ये इच्छुकाने आता नामनिर्देशन समितीकडे अर्ज करायचा. माझ्यासारख्या, रोज डोमेन जोडणाऱ्याच्या दारात त्याला यावं लागत नाही.