वर्ध्याचा उन्हाळा आणि परसांतील भाजी



वर्धा जिल्ह्याच्या इतिहासांतील चरख्याचें स्थान सर्वांस ठाऊक आहे. भाजीच्या वाफ्याचें स्थान तितकें ठाऊक नाहीं. आज त्या वाफ्याविषयीं थोडें सांगावयाचें आहे.

१९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व वर्ध्याची मगनवाडी हें त्याचें ठिकाण ठरलें. गरिबाच्या ताटांत उणें काय, हा तेथील एक मुख्य प्रश्न होता. १९३५ च्या फेब्रुवारींत गांधीजींनीं ‘हरिजन’ पत्रांत हिरव्या पाल्याच्या गुणांविषयीं लिहिलें. मुळा, गाजर, सलगम यांचा जो पाला आपण टाकून देतों, तो स्वच्छ धुऊन खावा, असें त्यांचें म्हणणें होतें.

हा उपदेश थंडी सरतांनाचा, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. फेब्रुवारींत वर्ध्याच्या मळ्यांत पाला विपुल असतो. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां हीं पिकें टिकत नाहींत. पाऊस वर्षाकांठीं सुमारें १००० मिलिमीटर खरा, पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर एवढ्या काळांतच पडतो. फाल्गुन-चैत्रांत एखादे दिवशीं आभाळ भरून येतें आणि गारा उभें पीक झोडपून काढतात. पुढें काळी जमीन भेगाळते. त्या भेगांनीं मुळें तुटतात आणि खोलवरची ओलही उडून जाते. तेव्हां गरिबाला बारमाही भाजी मिळावयाची, तर खरी अडचण पाण्याची होती.

३० एप्रिल १९३६ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगांवीं गेले. १९४० सालीं त्याच गांवाचें नांव सेवाग्राम झालें. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. तींतून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीनें शाळेच्या मूलोद्योगांत सूतकताईबरोबर फळ-भाजीच्या बागकामासही स्थान दिलें. वाफा हा धडा मानला गेला, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना लहान वाटूं नये. बीं, ऋतु, माप आणि हिशेब हीं सारीं त्यांत येतात.

पवनारास धाम नदीच्या कांठीं विनोबांनीं १९५० मध्यें कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैसा वर्ज्य करून अन्न स्वतः पिकवावयाचें, म्हणून बैलांच्या ऐवजीं माणसांनींच विहिरीचा रहाट फिरविला. पाण्याचें मोल हातांना कळल्यावर एक तांब्याही वायां घालवणें जड जातें. १९५१ च्या मार्चमध्यें विनोबा पायीं तेलंगणाकडे निघाले आणि त्या यात्रेंत भूदानाचा आरंभ झाला.

शहरांतील गृहस्थाला यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी मोरींत न सोडतां वाफ्याला द्यावें. तें सूर्यास्तानंतर घालावें, म्हणजे उन्हानें उडत नाहीं. माती कुटारानें झांकावी. वर पऱ्हाट्यांचा विरळ मांडव घालावा. मात्र गारांच्या भयानें तो दाट करूं नये, कारण भाजीला प्रकाशही हवा. अशा जागीं उन्हाळ्यांतही चवळई तीन-चार आठवड्यांत खुडण्याजोगी होते. गवार व भेंडी ऊन सोसतात. मुळ्या-गाजराचा हट्ट मात्र थंडीपर्यंत सोडावा. ताटांतील हिरवें पान उन्हाळाभर टिकवावयाचें, तर घरांतल्या सांडपाण्यापासून आरंभ करावा.